दोन मिनिटांचा एकांत

तृतीय वर्ष कला (समाजशास्त्र)

आपल्याकडे गर्भार बाईचे कौतुक काही कमी नाही. तिला हिरवी साडी नेसवतात, फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवतात, बर्फीची वाटी उघडली की पेढ्याची यावरून मुलगा की मुलगी याचा अंदाज बांधतात. दोन जिवांची म्हणून तिला जड उचलू देत नाहीत, तिन्हीसांजेला एकटी बाहेर जाऊ देत नाहीत, ग्रहण पाळायला लावतात. एवढी काळजी घेणाऱ्या समाजात गर्भार बाईवर तिचाच नवरा हात उचलतो, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत माझाही बसत नव्हता. वर्तमानपत्रात कधी वाचले तर 'असेल बुवा कुठेतरी' म्हणून मी पान उलटत असे.

त्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर साखर कारखान्याजवळच्या एका गावी झाले. शोषखड्डे किती खणले आणि समारोपाला कोण आले याचा वृत्तांत या अंकाच्या पूर्वीच्या पानांवर येऊन गेलेलाच आहे, त्यामुळे ते सोडते. शिबिरात ९ तारीख आली. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ सालापासून ही पद्धत सुरू आहे. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जाऊन तेथील गर्भवतींना जीपने आरोग्य केंद्रात आणायचे आणि त्यांची नावे लिहून घ्यायची, हे काम आम्हा चार मुलींकडे होते. बरोबर एका संस्थेच्या समाजकार्यकर्त्या होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणत होतो. येथेही तेवढेच म्हणते.

आणलेल्यांपैकी एक वीस-एकवीस वर्षांची होती. पाचवा महिना. हनुवटीपासून कानापर्यंत पिवळट निळा डाग. बरोबर तिची जाऊ आलेली. नर्सबाईंनी विचारले, "हे काय लागलंय?" उत्तर जावेने दिले, "गाडीहून पडली." ती स्वतः मान खाली घालून कार्डाचा कोपरा मुडपत बसली होती. नर्सबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली. तपासायच्या बायका चाळीस आणि नर्स दोन. मी त्यांना दोष देत नाही.

ताई उठल्या. म्हणाल्या, "हिची लघवी तपासायची राहिली." जाऊ मागोमाग उठू लागली तेव्हा, "तुम्ही बसा वहिनी, चहा येतोय," असे म्हणून तिला बसवले आणि त्या दोघी मागच्या व्हरांड्यात गेल्या. दोन मिनिटे, फार तर तीन. परत आल्या तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्यावर मला काहीच निराळे दिसले नाही. रात्री मी खनपटीलाच बसले, तेव्हा ताईंनी एवढेच सांगितले की ती गाडीवरून पडलेली नाही. पुढच्या आठवड्यात रक्ताचा अहवाल न्यायला ती एकटी येणार आहे, तेव्हा पुढचे बोलू. आणि तोंड मिटून ठेव.

मी तोंड मिटून ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणाची वही घेऊन मी कोप्यांवर गेले. तिच्या कोपीसमोर चार बाया बसल्या होत्या, नवरा थोड्या अंतरावर कोयत्याला धार लावत होता. मी मोठ्या मायेने विचारले, "ताई, आता कसं वाटतंय? काल तुम्ही मॅडमना सांगितलंत ते बरं केलंत." माझ्या वाक्याचा अर्थ मला समजायच्या आत धार लावण्याचा आवाज थांबला. ती म्हणाली, "मी काय बी सांगितलं नाही. मी पडले होते." आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात ती अहवाल न्यायला आली नाही. ताई कोपीवर गेल्या तोवर ती टोळी दुसऱ्या फडावर हलली होती. कोणता फड, कोणते गाव, मुकादम सांगेना. ताई मला रागावल्या नाहीत. शिबिर संपून आम्ही परतल्यावर त्यांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तिनं माझ्याजवळ दोन मिनिटं ठेवायला दिली होती. ती तू चव्हाट्यावर नेलीस." त्या बाईचे पुढे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. बाळंतपण जून महिन्याच्या आसपास झाले असेल.

हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे. त्यानंतरच्या वर्षभरात मी ताईंच्या संस्थेत सुट्टीच्या दिवशी जात राहिले, थोडे वाचले, बरेच ऐकले. गर्भार असताना मार खाणाऱ्या स्त्रीला समाजकार्यकर्त्याने मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, याबद्दल आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात आणि आपल्या घरांतही जे समज आहेत, ते मला आता बरेचसे चुकीचे वाटतात. माझे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही. प्राध्यापकांपैकी कोणी पुढच्या अंकात ते खोडून काढले तर मला आनंदच होईल.

प्रथम हे 'कुठेतरी, कुणाकडेतरी' आहे का ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी (यात विधवा, परित्यक्ताही आल्या) २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. गरोदरपणात मारहाण झाल्याचे सांगणाऱ्या ३.१ टक्के होत्या. शंभरात तीन! आरोग्य केंद्रात त्या दिवशी चाळीस जणी होत्या, म्हणजे हिशेबाने एक. ती एक आम्हाला दिसली, कारण तिचा डाग हनुवटीवर होता. पोटावर, पाठीवर, मांडीवर असता तर दिसला नसता. शिवाय हा प्रश्न घरी येऊन विचारलेला. त्याला मिळणारी उत्तरे खऱ्यापेक्षा कमीच असणार. त्याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे मदत मागितलेल्या अवघ्या १४ टक्के निघाल्या.

आणि हा मार एकटीला लागत नाही. पोटावर आघात झाला तर वार आधीच सुटून रक्तस्राव होऊ शकतो, गर्भपात होऊ शकतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होते, मूल कमी वजनाचे निपजते. मार दिसत नसला तरी त्याचे परिणाम दिसतात. अशा बाया तपासणीला उशिरा येतात, गोळ्या घेत नाहीत, त्यांचे रक्त वाढत नाही. आपण म्हणतो बाई निष्काळजी आहे. गोळ्या आणायला पैसे दिले नाहीत, दवाखान्यात जाऊ दिले नाही, हीदेखील कायद्याच्या व्याख्येत बसणारी हिंसाच आहे; २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार धरलेले आहेत. जाकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९८५ साली, मार खाणाऱ्या स्त्रीच्या जिवाला किती धोका आहे हे ओळखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यात गळा दाबला होता का, घरात हत्यार आहे का, या प्रश्नांच्या पंगतीत 'गर्भार असताना मारले होते का' हाही प्रश्न आहे. जो पुरुष त्या अवस्थेतही हात आवरत नाही तो अधिक धोकादायक, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मात्र नेमके उलटे गृहीत धरतात: पदरात मूल पडले की ताळ्यावर येईल.

येथेच समाजसेवेची पहिली चूक होते. ती आहे समेटाची. मी ज्या ज्या ठिकाणी ऐकले, तेथे मध्यस्थी करणारे सज्जन लोक दोघांना समोरासमोर बसवतात, त्याला चार शब्द सुनावतात, तिलाही 'तू जरा जुळवून घे, उलटून बोलू नकोस' असे सांगतात, आणि दोघांना एका गाडीवर बसवून घरी पाठवतात. संसार वाचला म्हणून सर्वांना समाधान! गाडी घरी पोचल्यावर काय होते ते पाहायला कोणी जात नाही. नवऱ्यासमोर ती खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत तिला त्याच रात्री मोजावी लागते. मजेची गोष्ट अशी की कायदा याबाबत समाजापेक्षा शहाणा आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील २००६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, समुपदेशनात पुरुषाला आपल्या मारहाणीचे समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. 'तिने असे केले म्हणून मी तसे केले' हा विषयच तेथे नाही. किती समेटांच्या बैठकींत हा नियम पाळला जात असेल?

दारूचे निमित्त तर हमखास पुढे येते. दारू वाईटच. पण पिऊन आलेला माणूस मुकादमावर हात टाकत नाही, फौजदारावर टाकत नाही. पिऊनही त्याला कुणाला मारावे आणि कुणाला मारू नये हे बरोबर समजते.

दुसरी चूक आमच्यासारख्या शिकलेल्या, उत्साही मुलींची. ती सुटकेची. "तू त्याला सोडत का नाहीस?" हा प्रश्न मीही ताईंच्या देखत दोनदा विचारला आहे. आता तो मला मारहाणीइतकाच निर्दय वाटतो. त्या कोपीतल्या बाईचे घ्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी जी उचल घेतात ती या जोडीवर. बाई निघून गेली तर मागे राहतो 'अर्धा कोयता', आणि उचल तशीच डोक्यावर. ती फिटेपर्यंत मुकादम तिच्या सासरी येणार, कदाचित माहेरीही येणार. तिचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात, ओळखीची आशाताई तेथे, रेशनकार्ड तेथे. बाळंतपण चार-पाच महिन्यांवर आलेले. अशा बाईला 'सोड' म्हणणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्या माणसाला, काठावर बसून, 'बाहेर ये' म्हणण्यासारखे आहे. शिवाय निघून जाण्याचा क्षण हाच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, कारण तेव्हा त्या पुरुषाच्या हातातले सगळे निसटत असते.

मग करायचे काय? समेट नाही, सुटका नाही, तर समाजकार्यकर्त्याने हातावर हात ठेवून बसायचे का?

माझ्या मते, सुरुवात त्या दोन मिनिटांपासून आहे. गर्भारपण हा आपल्याकडच्या सुनेच्या आयुष्यातला असा एक काळ आहे की, ज्यात तिला घराबाहेर, सरकारी खर्चाने, वारंवार, एका ठराविक ठिकाणी जाण्याची परवानगी असते. पोलीस ठाण्यात ती जाणार नाही, महिला मंडळात जाऊ देणार नाहीत. पण ९ तारखेला आरोग्य केंद्रात तिला सासूच घेऊन येईल. म्हणून भेट तेथे व्हावी. आणि ती एकटीची व्हावी. लघवीची तपासणी, वजन, पोटाची तपासणी, काहीही निमित्त करा, पण सोबतीची सासू, जाऊ, नवरा यांच्यापासून तिला दोन मिनिटे वेगळी करा. आमच्या वर्गातील एकाने यावर आक्षेप घेतला की हे फसवून बोलावणे झाले. मला तसे वाटत नाही. लघवी तपासायची असतेच की!

विचारायचे ते डाग दिसला म्हणून नव्हे. येणाऱ्या प्रत्येकीला विचारायचे. तशी प्रस्तावना केली की कोणाला आपल्याकडे बोट दाखवल्यासारखे वाटत नाही: "इथं येणाऱ्या सगळ्यांना आम्ही विचारतो, कारण पुष्कळींच्या घरी हे असतं. घरात कुणी मारतं का? भीती वाटते का?" जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भवतींच्या तपासणीत, हिंसेमुळे उद्भवू शकणाऱ्या तक्रारी पाहताना, अशी चौकशी करण्याचा विचार गांभीर्याने व्हावा असे म्हटले आहे, मात्र विचारणाऱ्याला शिक्षण हवे, एकांत हवा आणि पुढे मदतीची सोय हवी, या अटी घालून. या अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. जेथे पडद्यापलीकडे जाऊ बसली आहे तेथे विचारू नये. मी विचारले, तसे तर मुळीच विचारू नये.

ती 'नाही' म्हणाली तर 'नाही'. तिचा तो हक्क आहे. कदाचित पुढच्या ९ तारखेला 'हो' म्हणेल, कदाचित तिसऱ्या खेपेला. 'हो' म्हणाली तर पहिले वाक्य 'का मारतो' हे नसावे. त्या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःलाच हजारदा विचारलेले असते आणि दर वेळी स्वतःलाच दोषी धरलेले असते. 'यात तुझी चूक नाही' एवढे तिला बाहेरच्या माणसाकडून ऐकायचे असते. ताई म्हणतात, पुष्कळजणी एवढ्यावरच रडतात, पुढच्या मदतीचे नावही काढत नाहीत, आणि तरीही त्या दिवशी काम झालेले असते.

पण आधी एक सांगणे भाग आहे: काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही. मुलगी अठराच्या आतली असेल, आणि आपल्याकडे अशा 'बायका' पुष्कळ आहेत, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिला बोलते करून मग हे सांगणे हा विश्वासघात होय.

पुढचा टप्पा आराखड्याचा. हे काम अगदी साधे, घरगुती असते आणि त्यात तीच शहाणी असते, आपण नसतो. तो कोणत्या वेळी भडकतो, तेव्हा घरात कोण असते, भांडण सुरू झाले तर कोणत्या बाजूने बाहेर पडता येईल, चुलीजवळ आणि कोयत्याजवळ थांबू नये, शेजारची कोण हाक ऐकून येईल. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड, थोडे पैसे हे एका पिशवीत, दुसऱ्याच कोणाकडे. १८१ हा महिलांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक पाठ करून घ्यायचा. चिठ्ठी द्यायची नाही, कारण चिठ्ठी सापडते. मोबाईल नवऱ्याच्या हातात असतो हे गृहीत धरायचे. मातृवंदना योजनेचे पैसे, पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये, तिच्याच नावच्या खात्यात येतात. ते पासबुक खरोखर तिच्या हाती आहे की नाही हे पाहायचे. ही माहिती समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकात क्षुल्लक वाटेल. त्या बाईच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही.

आणि नोंद. 'गाडीवरून पडली' असे केसपेपरवर लिहिले की उद्या न्यायालयात तेच तिच्याविरुद्ध उभे राहते. 'पतीने मारल्याचे सांगते' असे तिच्या शब्दांत, डाग कोठे, केवढा, कोणत्या रंगाचा यासह लिहिले गेले पाहिजे. डॉक्टरांना ही आठवण करून देणे समाजकार्यकर्त्याचे काम. मात्र ही नोंद रुग्णालयातल्या कागदावर. माता-बाल कार्डावर चुकूनही नको, कारण ते कार्ड घरी जाते आणि घरचे सगळे ते वाचतात.

आपल्या समाजाने स्वतःच एक दार उघडे ठेवले आहे, त्याचा उपयोग आपण करत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. पहिले बाळंतपण माहेरी. या रूढीला कोणी सासू आडवी येत नाही. सातव्या महिन्यात जाणारी मुलगी पाचव्यात गेली, तर डॉक्टरांच्या 'विश्रांतीची गरज आहे' या चिठ्ठीने ते जमते. आणि मार खाणाऱ्या गर्भवतीला विश्रांतीची गरज आहे हे वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के खरे आहे. माहेरी गेल्यावर पाच-सहा महिने मिळतात. तेवढ्यात ती विचार करू शकते, वकिलाला भेटू शकते. अर्थात माहेर म्हणजे स्वर्ग नव्हे. भाऊ-भावजय किती दिवस ठेवतील, बापावर लग्नाचे कर्ज आहे का, हे आधी बघायला हवे. समाजकार्यकर्त्याने तिच्या आईशी बोलावे, तिच्या परवानगीने. पुष्कळ आयांना माहीत असते. त्यांनाही कोणी विचारलेले नसते एवढेच.

कायद्याबद्दल थोडेच लिहिते, कारण तो आपल्या मासिकाचा विषय नाही. १९८३ साली दंडविधानात आलेले कलम ४९८-अ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात गेले. ते शिक्षेचे. २००५ चा कायदा संरक्षणाचा. त्यात नवऱ्याला तुरुंगात न घालताही, मारू नको असा हुकूम, राहत्या घरातून तिला काढता येणार नाही असा हुकूम, खर्चाचा हुकूम मिळू शकतो. अर्ज ती तात्पुरती राहते तेथेही करता येतो, म्हणजे ऊसतोडीच्या फडावरून आपल्या तालुक्याच्या न्यायालयात करता येतो, हे किती जणींना ठाऊक आहे? स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मूल नकोच असेल तर सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला नवऱ्याची संमती लागत नाही, तिचीच पुरते. आणि नवऱ्याच्या बळजबरीतून राहिलेला गर्भ हाही या कायद्यापुरता बलात्कारातून राहिलेला मानावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

कागदावर हे उत्तम आहे. पण संरक्षण अधिकाऱ्यावर अनेक ठिकाणी इतर दहा कामांचा बोजा असतो. अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. पण तारखा पडत राहतात, आणि गर्भ काही तारखांसाठी थांबत नाही. जिल्ह्याच्या 'सखी' केंद्रात आसरा मिळतो तो पाच दिवसांपर्यंत. बाळंतपण पाच दिवसांत उरकत नसते. गर्भवतीला आधी दोन महिने आणि नंतर चार महिने बिनशर्त राहता येईल, अशी जागा तालुक्याच्या ठिकाणी असल्याशिवाय या सगळ्या कायद्यांना पाय फुटणार नाहीत, हे माझे ठाम मत आहे.

अशी जागा आपल्याकडे अशक्य नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येणाऱ्या विधवांवरचा जुलूम निराळ्या प्रकारचा होता, पण त्याही गर्भार होत्या आणि घर त्यांच्या जिवावर उठले होते. गुप्तपणे या, बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या इच्छेवर. अशी ती रीत. चौकशी, चारित्र्य, समेट, काही नाही. दीडशे वर्षांनंतर आपली आश्रयगृहे आधी कागद मागतात.

मुंबईत मात्र एक चांगले काम उभे राहिले आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे पोलिसांच्या छताखाली पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती बसली. पुढे २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र काढले. तेथे नर्सबाई, डॉक्टर यांनाच शिकवले गेले की घसरून पडलेली बाई खरोखर घसरली आहे का हे पाहा, आणि जिन्याने खाली, ओपीडीच्या केसपेपरवरच, तिला दिलासाकडे पाठवा. नंतर हा प्रयोग महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही पोचला. म्हणजे हे होऊ शकते. कोपीवर होऊ शकत नाही असे समजण्याचे कारण काय?

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळते. समाजशास्त्राच्या परीक्षेत 'कुटुंबसंस्थेची कार्ये' हा प्रश्न हमखास येतो. प्रजोत्पादन, संगोपन, सामाजीकरण, आणि शेवटी 'भावनिक आधार'. मीही तो दोनदा लिहिला, दोनदा चांगले गुण पडले. त्या प्रकरणाला एक टीपही नाही की भावनिक आधाराच्या याच संस्थेत शंभरांतील एकोणतीसजणींनी हिंसा सोसली आहे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. या विषयावर ताईंसारख्या कुणाचे एक व्याख्यान तरी ठेवावे. मुलांनाही बसवावे. गेल्या वर्षी 'महिलांचे प्रश्न' म्हणून फक्त मुलींना सभागृहात नेले होते आणि मुले क्रिकेट खेळत होती. मार देणारे हात कोणाचे आहेत?

विद्यार्थ्यांनी काय करावे? मला विचाराल तर, फारसे काही करू नये. समुपदेशन करू नये, कोपीवर जाऊन विचारू नये, पथनाट्यात त्या बाईची कथा रंगवू नये. आम्ही शिबिराच्या शेवटच्या रात्री तेच करणार होतो; ताईंनी थांबवले. स्वतःच्या घरात, वाड्यात, वसतिगृहात कोणी काही सांगितले तर ऐकावे आणि कुणाला सांगू नये. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, 'सखी' केंद्र कोठे, हे माहीत असावे. वर्षभरात मी आपल्या वर्गातील बावीस जणांना विचारले, एकालाही सांगता आले नाही. मलाही आधी आले नसतेच.

या जानेवारीत शिबिर पुन्हा त्याच गावी आहे. ९ तारीख शिबिरातच येते. ताई येणार आहेत. जीपमधून बायकांना आणायचे, नावे लिहायची, वजनकाट्यापाशी उभे राहायचे, अशी कामे वाटली गेली तेव्हा मी एक काम मागून घेतले. सोबत आलेल्या सासवांना आणि जावांना पुढच्या ओट्यावर बसवायचे, चहा द्यायचा, गावाकडचे, उसाचे, पोराबाळांचे विचारत राहायचे, आणि मागच्या व्हरांड्यातून ताई परत येईपर्यंत त्यांना उठू द्यायचे नाही.